दारू सोडताना : पहिल्या थरथरीपासून पुढच्या गटारीपर्यंत

मी भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, राहायला धायरीला. एकोणीस वर्षं प्यायलो, त्यातली शेवटची सात रोज. पहिल्यांदा सोडली त्याला पाच वर्षं झाली. मधे एकदा घसरलो, ते शेवटी सांगतो. मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही. पण सोडायला निघालेला माणूस पहिल्या काही महिन्यांत कुठे कुठे आपटतो हे मला चांगलं ठाऊक आहे. डाव्या भुवईवर पाच टाके आहेत, ते त्यातलेच.

आधीच एक सांगून ठेवतो. दारू थांबवल्यावरचा अंगाचा त्रास ओसरायला साधारण आठवडा लागतो, आणि त्यासाठी डॉक्टर आहेत. संध्याकाळी सहा ते नऊ हे तीन तास मात्र रोज येतात. माझ्या ओळखीतले जे परत पिऊ लागले, त्यातले बहुतेक या तीन तासांतच गेले. म्हणून पाचव्या पायरीवर मी जरा जास्त रेंगाळलो आहे.

१. आधी खरं मोजमाप करा

चार प्रश्न आहेत. डॉक्टरही साधारण हेच विचारतात. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कोणी पिण्यावरून बोललं की राग येतो का? नंतर अपराधी वाटतं का? सकाळी उठल्यावर हात थांबावेत म्हणून किंवा डोकं उतरावं म्हणून घ्यावी लागते का? दोन किंवा जास्त प्रश्नांना ‘हो’ आलं तर डॉक्टरकडे जायलाच हवं. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर दुसरी पायरी दोनदा वाचा.

मग आकडा. ‘थोडी घेतो’ हे माप नाही. १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्क्यांची, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दहा ग्रॅमचा एक पेग धरला तर सहा पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी : ६५० मिलीच्या, आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या दोन बाटल्या म्हणजे सव्वा क्वार्टरच्याही वर. एक आठवडा रोजचा आकडा डायरीत लिहा. घरच्यांना दाखवू नका, डॉक्टरला दाखवा. आणि खरा लिहा. मी पहिल्यांदा निम्मा सांगितला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि कागदावर दुप्पट लिहिला. तो बरोबर होता.

इथला मोठा सापळा म्हणजे श्रावण. ‘मी श्रावण पाळतो, महिनाभर शिवत नाही, म्हणजे माझ्या हातात आहे.’ हे वाक्य मी नऊ वर्षं म्हणत होतो. श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात मी गणपती उठायला किती दिवस उरले ते मोजायचो. ज्याच्या हातात असतं तो दिवस मोजत बसत नाही.

२. घरच्या घरी एकदम बंद करू नका

हे वाचून आश्चर्य वाटेल. लोक म्हणतात, मनाचा निग्रह हवा. माझा निग्रह जबरदस्त होता. एका सोमवारी सकाळी आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली आणि थांबवली. दुपारपर्यंत हात थरथरायला लागले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडत होता. रात्रभर घाम, झोप नाही. मंगळवारी दुपारी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि फिट आली. पडताना मिसळणाच्या डब्यावर कपाळ आपटलं. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात हळदीची चव होती, आणि बायको रडत ‘अहो, डोळे उघडा’ म्हणत होती.

रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती अचानक काढली की मेंदू खवळतो. साधारण सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. फिट आली तर बहुतेकदा पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं, ताप चढतो. हे जिवावर बेतू शकतं. अशा वेळी ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणत बसू नका, १०८ ला फोन करा.

तुम्ही रोज पीत असाल, सकाळची लागत असेल, किंवा आधी कधी फिट आली असेल, तर थांबण्याचा दिवस डॉक्टरबरोबर ठरवा. आज डॉक्टर मिळत नाहीत म्हणून आजच एकट्याने थांबण्याचं शौर्य नको. डॉक्टर पाच-सात दिवस हळूहळू कमी होत जाणाऱ्या गोळ्या देतात आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. या गोळ्यांचीही सवय लागू शकते, त्यामुळे चिठ्ठीत जितके दिवस लिहिले आहेत तितकेच दिवस घ्यायच्या. उरलेली पाकिटं औषधाच्या दुकानात परत करा किंवा बायकोकडे द्या.

गल्लीतल्या दवाखान्यात ‘सलाइन लावा, उतरेल’ म्हणून जाणं हा आमच्याकडचा आवडता प्रकार. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ कमी असतं. ते आधी न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. सलाइन लावणाऱ्याला स्पष्ट सांगा : मी रोज इतकी पितो, इतकी वर्षं पितो.

३. पुण्यात कुठे जायचं

तीन वाटा आहेत. कोणती तुमची, ते डॉक्टर सांगतील.

पहिली, बाह्यरुग्ण विभाग. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, रांगेत उभे राहा. रांग मोठी असते, डबा बरोबर घ्या. परवडत असेल तर खासगी मानसोपचारतज्ज्ञ तुमच्या भागातही मिळतील. ‘मानसोपचार’ शब्दाला बिचकू नका. दारूचं व्यसन या डॉक्टरांच्याच कामात मोडतं.

दुसरी, काही दिवस रुग्णालयात दाखल होणं. माझी फिट पाहून डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेला हेच सुचवलं. आठ दिवस ठेवलं. ज्यांचं लिव्हर बिघडलं आहे, ज्यांना आधी फिट किंवा भास झाले आहेत, ज्यांच्या घरी लक्ष ठेवायला कोणी नाही, त्यांना ही वाट बरी.

तिसरी, व्यसनमुक्ती केंद्र. पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण सगळ्यांना माहीत आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीने ते सुरू केलं. तिथला कार्यक्रम पस्तीस दिवसांचा असतो. आमच्या गटातले चार-पाच जण तिथून आले आहेत.

पण सगळी केंद्रं सारखी नसतात. माझ्या मेहुण्याने पहिल्या खेपेला मला रात्री अकरा वाजता सुमोत घालून शहराबाहेरच्या एका ठिकाणी नेलं. डॉक्टर आठवड्यातून एकदा, फोन बंद, मारहाण रोजची. तीन महिने काढले आणि सुटलो त्याच संध्याकाळी प्यायलो. मेहुण्यावर आता राग नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की आधी काय विचारायचं. म्हणून तुम्ही हे विचारा : केंद्राची सरकारी नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ आणि नर्स किती वेळ असतात? पहिल्या आठवड्यात फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता? घरच्यांना कधी भेटू देता? सुटल्यावर फॉलोअप किती दिवसांनी? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक त्रासही धरलेले आहेत, आणि त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. हे विचारल्यावर समोरचा चिडला, तर दुसरं केंद्र शोधा.

कुठे जायचं हेच सुचत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. मनाची अवस्था फार वाईट असेल, जिवाचं काही करावंसं वाटत असेल, तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. थांबल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असे विचार अनेकांना येतात. मलाही आले होते. लपवू नका.

बरोबर काय न्यायचं :

- आधार कार्ड, आणि ज्याचा फोन लागतोच अशा घरच्या माणसाचा क्रमांक. शक्यतो तो माणूसच बरोबर न्या.
- जुने रिपोर्ट : लिव्हरच्या रक्ततपासण्या, पोटाची सोनोग्राफी, शुगर, बीपी.
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं. नावं आठवत नाहीत, म्हणून पाकिटंच न्या.
- ती डायरी, आणि शेवटचा घोट किती वाजता घेतला ते.
- ईएसआय लागू असेल तर ते कार्ड. मेडिक्लेम असेल तर आधी पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. व्यसनाचा उपचार बहुतेकदा तिथे वगळलेला असतो, नंतर वाद घालून उपयोग होत नाही.
- दाखल व्हायचं असेल तर चार जोड साधे कपडे आणि चप्पल. अंगठी, साखळी घरी ठेवा. आफ्टरशेव्ह आणि सेंटही ठेवा घरीच, त्यात अल्कोहोल असतं आणि केंद्रात काढून घेतात.

कंपनीत काय सांगायचं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. रजेसाठीच्या वैद्यकीय दाखल्यावर डॉक्टर सगळा इतिहास लिहीत नाहीत, तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मी साहेबांना ‘पोटाचा आजार आहे, आठ दिवस दाखल व्हायचंय’ इतकंच सांगितलं. नंतर कळलं, साहेबांना दोन वर्षांपासून माहीत होतं. इनवर्डच्या रजिस्टरवर सकाळची माझी सही आणि संध्याकाळची सही दोन वेगळ्या माणसांच्या वाटायच्या.

४. औषधं, आणि औषधांच्या नावावर होणारी फसवणूक

तलफ कमी करणाऱ्या गोळ्या आहेत : नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. त्या जादू करत नाहीत. डोक्यातला आवाज जरा बारीक होतो, एवढंच. कोणाला कोणती चालेल हे लिव्हर आणि किडनी बघून डॉक्टर ठरवतात.

दुसरी आहे डायसल्फिरम. ही चालू असताना प्यायलं तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळू शकतं. शेवटची गोळी घेतल्यानंतरही जवळपास दोन आठवडे हा धोका राहतो. ज्याला ही भिंत हवी आहे त्याने डॉक्टरच्या देखरेखीखाली, सगळं समजून-उमजून घ्यायची. यावर असताना खोकल्याची औषधं, टॉनिकं, होमिओपॅथीचे थेंब यांच्या लेबलवर अल्कोहोल आहे का बघा. आपल्याकडे हमखास विसरतात ती आसवं आणि अरिष्टं : द्राक्षासव, दशमूलारिष्ट. ती आंबवूनच तयार होतात, त्यात अल्कोहोल असतंच. माझ्या आईने अशक्तपणा आला म्हणून प्रेमाने दोन चमचे द्राक्षासव पाजलं होतं. तेव्हा मी डायसल्फिरमवर नव्हतो, नशीब.

आता विजेच्या खांबावरच्या त्या पाट्या. ‘दारू सोडवा, पेशंटच्या नकळत.’ चहातून, भाजीतून पावडर. त्यात काय असतं ते कोणी सांगत नाही. डायसल्फिरम असेल आणि माणूस त्यावर प्यायला, तर मरूही शकतो. वहिनी, आई, ताई, जी कोणी हे वाचत असेल तिला हात जोडून सांगतो : नकळत काही देऊ नका.

५. संध्याकाळ

आठवा दिवस. हात थरथरत नाहीत, जेवण जातंय, घरचे खूश. आणि घड्याळात सहा वाजतात.

माझी संध्याकाळ सात वर्षं ठरलेली होती. कंपनी सुटली की स्कूटर, नाशिक फाट्याच्या अलीकडचं दुकान, क्वार्टर डिकीत, एका टपरीमागे पाण्याची बाटली आणि शेंगदाणे, मग धायरी. घरी पोचेपर्यंत निम्मी झालेली असायची. उरलेली माळ्यावरच्या जुन्या कुकरात. हा रस्ता माझ्या हातांना पाठ होता. दारू सोडल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात एकदा भानावर आलो तेव्हा स्कूटर त्या दुकानासमोर स्टँडला लागलेली होती आणि मी उतरलेला होतो. प्यायचं असं मनात अजिबात नव्हतं. गाडी आपोआप तिथे गेली.

दुसऱ्या दिवशी स्कूटर मेहुण्याकडे ठेवली आणि वर्षभर बसने गेलो-आलो. वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागायची. आता नाशिक फाट्याहून स्वारगेटपर्यंत मेट्रो आहे, पुढे धायरीची बस. मेट्रोच्या खिडकीतून ते दुकान दिसत नाही. तुमचा रस्ता असाच तपासा. गाडी, वेळ, वळण, यातलं काहीतरी बदला. ‘मी त्याच रस्त्याने जाऊन दाखवतो’ ही मर्दुमकी कोणी मागितलेली नाही.

मग घर झाडा. माळा, फ्लशची टाकी, गाडीची डिकी, कपाटातल्या गरम कपड्यांचा कप्पा, कुंडीमागची जागा. लपवलेली आपल्यालाच माहीत असते, म्हणून हे काम आपणच करायचं, पण कोणाला तरी शेजारी उभं करून. माझ्या बायकोने कुकर स्वतः भंगारवाल्याला दिला. चांगला हॉकिन्सचा होता. मी काही बोललो नाही.

सहाच्या आधी खा. हे फार साधं वाटतं, पण माझ्यासाठी अर्धी लढाई इथेच होती. रिकाम्या पोटाची कळ आणि तलफ यांतला फरक मला कित्येक महिने कळत नव्हता. कंपनी सुटायच्या आधी दोन पोळ्या-भाजी किंवा शेंगदाणे-गूळ. सुरुवातीला गोड फार लागतं, खुशाल खा, शुगर असेल तर डॉक्टरला विचारून. आमच्या गटातला एक जण पहिले दोन महिने रोज पाव किलो चिक्की खायचा. आता त्याला चिक्की बघवत नाही, पण दारूही नाही.

तलफ येते तेव्हा वाटतं ती वाढतच जाणार. तसं होत नाही. वीस-तीस मिनिटांत उतरायला लागते. त्या वेळात हात आणि पाय कामाला लावायचे. अमृततुल्यात जाऊन एक चहा, परत दुसऱ्या अमृततुल्यात एक. चालत तळजाईपर्यंत. कोणाला तरी फोन. मी स्टोअरमधले नटबोल्ट घरी आणून मापाप्रमाणे लावायचो, मग परत मिसळायचो. बायकोला वाटलं डोक्यावर परिणाम झाला.

गटात एक चांगली गोष्ट शिकलो. तलफ आली की चार गोष्टी विचारायच्या : भूक आहे का, राग आहे का, एकटं वाटतंय का, थकलो आहे का? चारातलं एक तरी असतंच. त्याचा उपाय आधी करा.

हा गट म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, सगळे नुसतं एए म्हणतात. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. पुण्यात मराठी, हिंदी, इंग्रजी मीटिंगा होतात, वेगवेगळ्या भागांत आणि बहुतेक संध्याकाळीच. फी नाही, नाव-पत्ता विचारत नाहीत. प्यायचं थांबवायची इच्छा एवढीच अट. चालवणारे डॉक्टर नसतात, आपल्यासारखेच असतात. त्यामुळे ही औषधाच्या जागी घ्यायची गोष्ट नाही, औषधाबरोबरची आहे. मी पहिल्या मीटिंगला शाळेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलो होतो. फळ्यावर पाढे लिहिलेले. एक रिटायर गृहस्थ बोलायला उठले आणि त्यांनी फ्लशच्या टाकीची गोष्ट सांगितली. मला वाटायचं ती युक्ती माझ्याच डोक्यातून निघालेली.

देवाधर्माचे शब्द येतात मीटिंगमध्ये. काहींना ते खटकतात. माझा देवावर फारसा विश्वास नाही, मी त्या वेळी चहाकडे लक्ष देतो. कोणी काही म्हणत नाही.

झोपेचं थोडक्यात : पहिले काही आठवडे, कधी काही महिने, ती नीट येत नाही. हे अपेक्षित आहे. झोपेसाठी ‘एक पेग’ हा जुना मित्र परत दार ठोठावतो. रात्रीचा चहा बंद, उठायची वेळ ठरलेली, आणि फारच झालं तर डॉक्टर. मेडिकलवाल्याने सहज दिलेली झोपेची गोळी नको.

६. मित्रांना काय सांगायचं

‘बसायचं का?’ या दोन शब्दांचं उत्तर आधी तयार ठेवा. जागेवर सुचत नाही.

‘सोडली’ म्हणालात तर चर्चा सुरू होते. ‘कशाला, कधीपासून, एकाने काय होतंय, बिअर तर घे.’ मी पहिलं वर्ष ‘लिव्हरची गोळी चालू आहे, डॉक्टरने नाही म्हटलंय’ एवढंच म्हणायचो. आमच्या कंपनीतल्या एकाने सरळ माळ घातली. माळकऱ्याला आपल्याकडे कोणी आग्रह करत नाही, उलट पार्टीत त्याच्यासाठी शाकाहारी ताट वेगळं ठेवतात. पण माळ घालायची तर निष्ठेने, ढाल म्हणून नाही. तो आता खरंच वारीला जातो.

मुळशी, पानशेत, लोणावळ्याच्या सहली पहिल्या वर्षी नाहीच. जावंच लागलं, म्हणजे कंपनीचं वगैरे असलं, तर स्वतःच्या वाहनाने जा, म्हणजे हवं तेव्हा निघता येतं. हातात सतत भरलेला ग्लास ठेवा, सोडा-लिंबू. रिकामा हात बघितला की लोकांना राहवत नाही. ग्लास खाली ठेवून कुठे गेलात तर परत येऊन तोच उचलू नका, नवीन घ्या. गंमत म्हणून त्यात मिसळणारे असतात. चकण्याच्या टेबलाजवळ बसू नका. मसाला शेंगदाण्यांचा वास मला अजून तीन पावलं मागे नेतो.

खरे मित्र किती होते हेही कळतं. अकरांतले दोन उरले. एक जण अजून पितो, पण माझ्यासमोर नाही.

७. घरच्यांसाठी दोन ओळी

रोज तोंडाचा वास घेऊ नका, आणि रोज आरतीही ओवाळू नका. पगार काही महिने बायकोच्या खात्यात जाऊ द्या, हे मात्र स्वतः सोडणाऱ्याने सुचवावं. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट आहेत. माझी बायको गेली. तिथे काय बोलते ते मी विचारत नाही.

८. कॅलेंडर समोर ठेवा

घसरण अचानक येते असं वाटतं, पण तिच्या तारखा बऱ्याचदा कालनिर्णयात छापलेल्या असतात. गटारी, गणपती विसर्जन, ३१ डिसेंबर, धुळवड, दिवाळीचा बोनस, मेहुणीचं लग्न. या तारखांवर लाल खूण करा आणि त्या दिवशी सहा ते नऊ कुठे असणार ते आठवडाभर आधी लिहा.

ड्राय डेचा भरवसा धरू नका. सुरुवातीला मी विसर्जनाच्या दिवशी निर्धास्त होतो, दुकानं बंद म्हणून. धोका आदल्या दिवशी असतो, दुकानासमोर रांग लागलेली असते आणि ‘उद्या मिळणार नाही’ हा विचार डोक्यात घुसतो. पथकात ढोल वाजवणाऱ्यांनी मिरवणूक संपल्यानंतरचे दोन तास सांभाळा. दहा-बारा तास वाजवून भूक, थकवा दोन्ही एकदम असतात, आणि कोणीतरी गाडीची डिकी उघडतो.

गटारी हा माझा सगळ्यात अवघड दिवस. आषाढातली ती अवस म्हणजेच दिव्यांची अवस, हे मला चाळिशीपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं. घरी दर वर्षी पूजा व्हायची आणि मी नसायचो. आता त्या दिवशी अर्धी रजा टाकतो. समया, निरांजनं, आजीचा लामणदिवा, सगळं चिंचेने घासायचं काम माझ्याकडे असतं. लामणदिव्याच्या साखळीची एकेक कडी घासायला पाऊण तास जातो. नऊ वाजेपर्यंत बोटं चिंचेने आंबून सुरकुतलेली असतात.

९. घसरलात तर

मी सोडल्यानंतर अकराव्या महिन्यात घसरलो. कारण सांगण्यासारखंही नाही. ना दुःख होतं, ना भांडण. प्रमोशन झालं होतं. वर्षभर राहिलो, आता मला जमतं, एक घेऊन बघू, असं वाटलं. पहिल्या रात्री दोन पेग, आणि खरंच थांबलो. हाच सापळा आहे. चौथ्या दिवशी क्वार्टर, नवव्या दिवशी सकाळची.

एक घोट गेला की डोकं म्हणतं, गेलंच आहे सगळं, आता पूर्ण पी. त्या विचाराने होणारं नुकसान पहिल्या घोटापेक्षा कितीतरी मोठं असतं. दुसऱ्या दिवशीच थांबलात तर एक दिवस गेला. शरम वाटून लपवलंत तर महिने जातात.

करायचं असं. बाटलीत उरलेली मोरीत ओता. शेवटचा घोट किती वाजता, किती, ते लिहा. डायसल्फिरमवर असाल तर वाट न बघता रुग्णालय गाठा. परत काही दिवस रोज पिणं झालं असेल तर पुन्हा दुसरी पायरी, म्हणजे डॉक्टर आधी, थांबणं नंतर. आधी फिट आलेली असेल तर पुढच्या खेपेला धोका वाढतो, कमी होत नाही. आणि बरेच महिने न घेतल्यावर अंगाला जुना कोटा झेपत नाही, म्हणून ‘पूर्वीएवढीच तर घेतली’ हा हिशेब चालत नाही. मग एका माणसाला सांगा. एकालाच, पण खरं.

माझ्या बाबतीत तो माणूस म्हणजे फळ्यासमोर टाकीची गोष्ट सांगणारे ते गृहस्थ. दहाव्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन केला. हात इतके हलत होते की त्यांचं नाव दोनदा चुकीचं दाबलं गेलं. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण नुसता ‘काका’ म्हणालो आणि पुढे शब्द निघेना. त्यांनी विचारलं, ‘सकाळची घेतलीस का?’ म्हटलं, ‘अजून नाही, पण फार हलतायत हात.’ ‘घरात कोणी जागं आहे का?’ म्हटलं, ‘बायको.’ ‘तिला फोन दे. मी रिक्षा घेऊन येतो, आठला डॉक्टरकडे जाऊ. आणि तुझी ती गोळ्यांची फाइल शोधून ठेव, मागच्या वेळी तू विसरला होतास.’